दुखतंय म्हणून बसू नका, झेपत नाही तर ओढू नका
आमवात असलेल्या बायकांसाठी व्यायाम

(सामुदायिक रेडिओवरच्या आरोग्याच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. ज्यांना ऐकायला मिळालं नाही, त्यांच्यासाठी आणि बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी इथं छापत आहोत.)



मी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे सांधे, स्नायू आणि हालचाल यांच्यावर व्यायामानं उपचार करणारी. आज मी तुमच्याशी अशा एका दुखण्याबद्दल बोलणार आहे, ज्याला आपल्याकडं नुसतं ‘वात’ म्हणून सोडून देतात. गुडघा दुखला, वात. कंबर धरली, वात. बोटं सुजली, तरी वातच. पण यातला एक वात वेगळा आहे. त्याला आमवात म्हणतात. डॉक्टर कागदावर ‘आरए’ असं लिहितात, ते म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस.

हे दुखणं वेगळं कसं?

वयानं गुडघा झिजतो, ते गाडीच्या चाकासारखं असतं. वापरून वापरून झिजतं. आमवातात तसं नाही. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. ताप आला, जखम झाली की ती धावून येते. आमवातात ही फौज वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांवर चालून जाते. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं, ते सुजतं. सूज राहिली की आतलं कूर्चेचं आवरण आणि हाड कुरतडलं जातं. म्हणून हा आजार फक्त म्हातारपणाचा नाही. साधारण तिशी ते पन्नाशीत, म्हणजे ऐन कामाच्या वयात तो बऱ्याचदा सुरू होतो. आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो.

ओळखायचा कसा? सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, आणि हे आखडणं पाच-दहा मिनिटांत जात नाही. तास, दीड तास राहतं. झिजेच्या गुडघ्याचं उलट असतं. तो चालून, राबून संध्याकाळी जास्त दुखतो. आमवातात दुखणं बसून राहिल्यावर वाढतं आणि हळूहळू हलल्यावर थोडं मोकळं होतं. दुसरी खूण म्हणजे दोन्ही बाजूंना सारखंच दुखतं. उजवं मनगट सुजलं तर डावंही सुजतं. बोटांची मुळं, म्हणजे मूठ वळल्यावर जे उंचवटे वर येतात ते सांधे, बोटांचे मधले सांधे, मनगटं आणि पायाचे चवडे इथं त्याची सुरुवात होते. सोबत अंगात बारीक कसर, भूक नाही, आणि झोपून उठलं तरी न जाणारा थकवा.

बाळंत झालेल्या मुलींबद्दल मला मुद्दाम सांगायचं आहे. गरोदरपणात हा आजार पुष्कळदा दबून राहतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत, महिन्यांत उफाळतो. काही जणींना तर पहिल्यांदाच तेव्हा दिसतो. लेकराला उचलता येत नाही, लंगोटाची गाठ मारता येत नाही. आणि घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, ‘थंड पाण्यात हात घातलास, वारं भरलं.’ तसं बोलून सहा महिने जातात. सासूबाईंनो, सुनेची बोटं सुजून सकाळी मूठ वळत नसेल, तर तेलपाणी करा, शेक द्या, पण दीड महिन्याच्या आत तिला डॉक्टरांकडं न्या.

चिकुनगुन्यानंतरही सांधे असेच धरतात. 2006 साली आपल्या राज्यात त्याची मोठी साथ आली होती, तेव्हा कित्येकांनी हे भोगलं. तापानंतरची सांधेदुखी बहुतेकांची हळूहळू जाते. पण सूज सहा आठवड्यांच्या पुढं टिकली, तर ‘चिकुनगुन्याचंच असेल’ म्हणून थांबू नका.

हा शहरातला आजार नाही

काही जणींना वाटेल, असला आजार आपल्या गावात कुठला? पुणे जिल्ह्यात, सोलापूर रस्त्यावर भिगवण म्हणून गाव आहे. तिथं 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन हाडासांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेचं पाठबळ असलेल्या कार्यक्रमातली ती पाहणी होती. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारलं, दुखतं म्हणणाऱ्यांना तपासलं. शंभरातल्या साधारण 18 जणांना कसलं ना कसलं हाडासांध्याचं, स्नायूचं दुखणं निघालं. आणि आमवात साधारण दोनशे माणसांत एकाला.

आता आपल्या गावाचा हिशेब करा. दोन हजार मोठी माणसं असलेलं गाव असेल, तर त्यात दहा माणसं आमवाताची असू शकतात, आणि त्यांतल्या बहुतेक बायका. त्या बायका कुठं आहेत? भांगलायला येत नाहीत, हळदीकुंकवाला येत नाहीत, म्हणून आपण म्हणतो, ‘ती आळशी झालीय’ किंवा ‘तिला कामाचा कंटाळा.’

आधी औषध, मग व्यायाम

मी व्यायाम शिकवणारी बाई आहे, तरी आधी औषधाचं बोलते. कारण चालून आलेली ती फौज शांत करायचं काम औषधाचं आहे. नुसत्या व्यायामानं ते होत नाही. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत सांध्याचं जास्त नुकसान होतं, म्हणून लवकर औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. एकदा वाकडी झालेली बोटं गोळीनं सरळ होत नाहीत.

या औषधांत बऱ्याचदा मेथोट्रेक्सेट नावाची गोळी असते. तिच्याबद्दल तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. दोन, ही गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, ते औषध बदलून देतात. तीन, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि गोळीचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

आता त्या इंजेक्शनचं. ‘अमक्या गावात एक जण सुई देतो, दुसऱ्या दिवशी बाई पळायला लागते,’ असं आपण ऐकतो. कुणी काळ्या पुड्या देतं, कुणी बिननावाच्या गोळ्या. एका दिवसात सूज उतरली, तर त्यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं. हे नवीन नाही. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन नावाचं स्टिरॉइड दिलं, आणि ती थोड्याच दिवसांत चालू लागली. त्या कामाला 1950 साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण जास्त दिवस, जास्त मापानं दिल्यावर काय होतं, तेही लवकरच दिसलं. तोंड सुजतं, साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. स्टिरॉइड वाईटच असतं असं नाही. डॉक्टर ते मापून, गरजेपुरतं देतात. पण बिननावाच्या पुडीत किती आहे, ते ना तुम्हाला कळतं ना तुमच्या डॉक्टरांना. आणि बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. असं काही घेत असाल तर न लाजता डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते हळूहळू कमी करतील.

दाखवायला सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तिथून गडहिंग्लजसारख्या ठिकाणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सीपीआरमध्ये पाठवतात. वाताच्या तज्ज्ञाला रूमॅटॉलॉजिस्ट म्हणतात, हा शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवा.

पूर्वी सांगत, पडून राहा

पूर्वी डॉक्टरही आमवाताच्या रुग्णाला म्हणत, विश्रांती घ्या, सांधा हलवू नका. त्यांना भीती वाटायची की हललं तर सूज वाढेल. आज तसं सांगत नाहीत.

नेदरलँड्समध्ये तीनशेवर रुग्णांवर दोन वर्षं अभ्यास झाला, तो 2003 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला आठवड्यातून दोनदा चांगला घाम येईल असा व्यायाम दिला, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार. व्यायाम करणाऱ्यांना रोजची कामं जास्त चांगली जमू लागली आणि आजारही भडकला नाही. मात्र ज्यांचे गुडघे, खुबे, खांदे आधीच फार खराब झाले होते, त्यांना जोराचा व्यायाम जपून द्यावा, हेही त्यातून कळलं. इंग्लंडमध्ये 490 रुग्णांना हाताचे ताणाचे आणि ताकदीचे साधे व्यायाम शिकवून बघितले. 2015 साली त्याचा निकाल आला. वर्षभरानंतर व्यायाम करणाऱ्यांच्या हातांना जास्त कामं जमत होती. आणि आपल्या दिल्लीच्या एम्समध्ये 72 रुग्णांवर योगाचा अभ्यास झाला. औषधं चालू ठेवून आठ आठवडे योग केलेल्यांचा आजारही उतरला आणि मनाची उदासीही. औषधं चालू ठेवून, हे शब्द विसरू नका.

सांधा हलवला नाही तर काय होतं? पंधरा दिवस प्लास्टरमध्ये असलेला हात आठवा. बाहेर काढल्यावर काडीसारखा दिसतो. स्नायू सांध्याला धरून ठेवतात. स्नायू वाळले की सांधा खिळखिळा होतो, मग तो आणखी दुखतो, मग आपण आणखी बसून राहतो. वर आमवातात हाडं ठिसूळ व्हायचा आणि हृदयविकाराचाही धोका जास्त असतो. चालण्यानं हाडं आणि हृदय दोन्ही टिकतात.

‘दिवसभर राबतो की, आणि कसला व्यायाम?’

आपलं कोल्हापूर तालमींचं. गल्लोगल्ली तालीम, शाहू महाराजांच्या काळातलं खासबाग मैदान. पण तालीम म्हणजे पुरुषांची. बाईनं व्यायाम करायचा म्हटलं की घरात हसतात. आणि बाईही म्हणते, पहाटे धार काढायची, शेण भरायचं, पाणी आणायचं, दिवसभर उसात भांगलण, रात्री पंधरा भाकऱ्या. आणखी व्यायाम कशाला?

प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर असं. कामात तेच तेच सांधे, त्याच दिशेनं, जोरानं हलतात. खुरपं धरताना बोटं आवळलेली, धार काढताना आवळलेली, पिळे पिळताना आवळलेली. बोटं पूर्ण उघडायचं काम दिवसात कधीच येत नाही. भांगलताना गुडघे तासन् तास दुमडलेले. खांदा डोक्याच्या वर किती वेळा जातो? व्यायामात प्रत्येक सांधा त्याच्या पूर्ण वाटेनं, ओझ्याशिवाय, सावकाश फिरवायचा असतो. कामानं सांधा दमतो, व्यायामानं मोकळा होतो. म्हणून कामाला व्यायाम समजू नका, आणि व्यायाम म्हणजे आणखी एक काम असंही समजू नका. ती दिवसातली तुमची वीस मिनिटं आहेत.

आता रेडिओजवळच करूया

सकाळी आधी कोमट पाण्याच्या बादलीत हात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. बोटं सैल होतात. मग पाटावर किंवा खुर्चीवर बसा.

पहिला व्यायाम. बोटं पूर्ण सरळ करा. मग वरची दोन पेरं तेवढी दुमडा, आकड्यासारखी. पुन्हा सरळ. मग पूर्ण मूठ, हलकी, न आवळता. पुन्हा सरळ. दहा वेळा.

दुसरा. तळहात पाटावर पालथा ठेवा. बोटं सुटी सुटी फाकवा. आता अंगठ्याशेजारचं बोट उचलून अंगठ्याकडं सरकवा, मग मधलं, मग अनामिका, मग करंगळी. एकामागून एक चालत गेल्यासारखी. आमवातात बोटं करंगळीकडं कलतात. हा व्यायाम त्यांना उलट्या बाजूला आणतो. पाच वेळा.

तिसरा. कोपर मांडीवर टेकवून मनगट वर, खाली, आणि मग गोल फिरवा. दोन्ही दिशांना पाच पाच वेळा.

चौथा. दोन्ही हात डोक्यामागं, वेणीपर्यंत. मग खाली आणून पाठीमागं, पदर खोचतो तिथपर्यंत. जिथवर जातील तिथवरच. पाच वेळा.

पाचवा, ताकदीसाठी. चपातीच्या मऊ कणकेचा गोळा किंवा स्पंज हातात धरून हळू दाबा, पाच अंक मोजा, सोडा. सूज नसलेल्या दिवशीच, दहा वेळा.

सहावा, पायांसाठी. पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्यानं खाली दाबा. पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा. मग पावलं पुढं-मागं करा आणि पायाची बोटं आकसून सोडा.

सातवा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठा, पुन्हा सावकाश बसा. पाच वेळा जमलं तरी चांगलं. जमत नसेल तर उंच खुर्ची घ्या.

श्वास कुठंही कोंडायचा नाही. तोंडानं अंक मोजलेत की श्वास आपोआप चालू राहतो.

यानंतर चालणं. कोल्हापुरात राहणाऱ्या जावा-नणंदा रंकाळ्यावर जातात, आपल्याला गावचा सपाट रस्ता पुरे. डोक्यावर भारा नाही, हातात घागर नाही, पायांत मऊ तळव्याची चप्पल किंवा बूट. पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटं. दर आठवड्याला थोडी वाढवत अर्ध्या तासावर या, आठवड्यातून पाच दिवस. शेजारणीशी बोलता येईल इतकंच झपझप चाला. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा.

झिम्मा-फुगडीचं विचाराल, तर पंचमीला, गौरीला जरूर खेळा. झिम्म्याला हरकत नाही. फुगडीत मात्र मनगटांवर आणि बोटांवर सगळं वजन येतं, म्हणून हात सुजले असतील तर फेर धरा आणि गाणी म्हणा. योगासनांतही हेच. सूर्यनमस्कारात मनगटावर भार येत असेल तर खुर्चीवर हात टेकून करा. शीर्षासन, सर्वांगासन करू नका, आणि मान कडकडा मोडून घेऊ नका. जुन्या आमवातात मानेचा वरचा सांधा सैल झालेला असू शकतो.

किती झालं म्हणजे पुरे?

यासाठी एक साधं माप आहे. व्यायामानंतर थोडं दुखणार, ठणकणार. दोन तासांनी ते पहिल्यासारखं झालं, तर व्यायाम बरोबर झाला. दोन तासांनंतरही जास्त दुखत असेल, तर दुसऱ्या दिवशी निम्मा करा. बंद नाही, निम्मा.

आणि आजार उफाळतो त्या दिवसांत? सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल, तर दाबायचे आणि चालायचे व्यायाम थांबवा. कापडात गुंडाळलेल्या थंड पट्टीनं दहा मिनिटं शेका. पण दिवसातून दोन-तीन वेळा तो सांधा हलक्या हातानं एकदा तरी पूर्ण हलवा, नाहीतर तसाच आखडतो. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवून रात्रभर गुडघा दुमडलेला ठेवू नका. बरं वाटतं, पण तो तसाच धरतो. सूज उतरली की पुन्हा पहिल्या व्यायामापासून सुरुवात.

एखादाच सांधा अचानक फार सुजून ताप आला, हातापायांना मुंग्या येऊन ताकद गेली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आमवाताचं औषध चालू असताना आलेला तापही अंगावर काढू नका.

कामात सांधा जपायचा

काम सुटणार नाही, हे मलाही माहीत आहे. मग करायची पद्धत बदलूया. बारीक सांध्यावरचा भार मोठ्या सांध्यावर टाकायचा, एवढंच सूत्र.

खुरप्याची, विळ्याची मूठ बारीक असते, म्हणून बोटं जास्त आवळावी लागतात. मुठीला सायकलची जुनी ट्यूब किंवा चिंध्या गुंडाळून ती जाड करा. घागर बोटांत लटकवून आणू नका, कमरेवर घेऊन पूर्ण हातानं कवटाळा, आणि निम्मी भरून दोन खेपा करा. डब्याचं झाकण बोटांनी न पिळता तळव्यानं दाबून फिरवा. लुगडं, चादर पिळायची असेल तर नळाला वेढा देऊन पिळा किंवा तशीच निथळत ठेवा. तवा, कढई दोन हातांनी उचला. अंगठा मुडपून धार काढायची सवय असेल तर ती सोडा, अंगठ्याचा सांधा त्यानं बिघडतो. पूर्ण मुठीनं काढा, आणि हात सुजलेल्या दिवसांत धार घरातल्या दुसऱ्या माणसानं काढावी. सलग दोन तास भांगलण्यापेक्षा अर्ध्या तासानं उठून पाय मोकळे करा, बोटं फाकवा.

खाण्यापिण्यात फार पथ्यं लावून घेऊ नका. वात आहे म्हणून डाळ बंद, दही बंद असं करत करत बाई अशक्त होते. बऱ्याच जणींच्या अंगात या आजारात रक्तही कमी असतं. हाडांसाठी राधानगरी, आजरा, चंदगडकडची आपली नाचणी उत्तम आहे, दूध आहे, डाळी, अंडी, हिरवी भाजी आहे. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तेवढं बंद करा, धुराचा आणि या आजाराचा जवळचा संबंध आहे. मिश्रीही सुटली तर चांगलंच.

न दिसणारं दुखणं

आमवाताचा थकवा बाहेरून दिसत नाही. बाई बसलेली दिसते आणि घरच्यांना वाटतं, सकाळी तर रडत होती, आता दुपारी बरी कशी? हा आजारच तसा आहे. सकाळी मूठ वळत नाही आणि दुपारी वळते. ते सोंग नव्हे. रोज असं ऐकून घ्यावं लागलं की बाई बोलायची बंद होते, मग जेवण जात नाही, झोप लागत नाही, जगण्यावरून मन उडतं. हेही आजाराचाच भाग समजा आणि डॉक्टरांना सांगा, त्यावरही इलाज आहे.

घरातल्या पुरुषांनीही हे ऐकावं. घागर भरून ठेवणं, धार काढणं, कणीक मळणं यात कमीपणा काही नाही. पहाटेचा पहिला तास तिला द्या. तेवढ्यानं तिचा पुढचा सगळा दिवस सुधारतो.

आणि बचत गटातल्या बायकांनो, तुमच्याकडं माझी तीन मागणी आहेत. पहिली, गटाच्या प्रत्येक बैठकीत हिशेबाच्या आधी दहा मिनिटं हे हाताचे व्यायाम सगळ्यांनी मिळून करा. ज्यांना आमवात नाही त्यांनाही ते चांगलेच आहेत, आणि जिला आहे तिला एकटं वाटणार नाही. दुसरी, गावात सकाळी मूठ वळत नाही असं म्हणणारी कुणी असेल, तर आशाताईंना सोबत घेऊन तिच्या घरी जा आणि तिला दवाखान्यात पाठवा. तिसरी, कुणाची बोटं आधीच वाकडी झाली असतील तर तिला ‘आता काय उपयोग’ म्हणू नका. वाकड्या बोटांनीही ताकद वाढवता येते, आणि उरलेले सांधे वाचवता येतात.

शेवटी एवढंच लक्षात ठेवा. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं, नेमानं. व्यायाम रोज, थोडा थोडा. दोन तासांचं माप सोडायचं नाही. दुखतंय म्हणून बसून राहायचं नाही, आणि झेपत नसताना कुणाच्या बोलण्याला लागून ओढायचंही नाही. उद्या सकाळी उठल्यावर चहाच्या आधी कोमट पाण्यात हात घाला आणि बोटं एकदा पूर्ण उघडा.

तुमचे प्रश्न गटाच्या ताईंकडं लिहून द्या, पुढच्या वेळी त्यांवरच बोलूया.